चौथ्या हौदाची रेघ

१

चौथ्या हौदातले मासे एका रात्रीत मेले. एखाददुसरा नाही, झाडून सगळे. सकाळी हौदावरचं झाकण सरकवलं तेव्हा ते पांढरी पोटं वर करून पाण्यावर दाटीवाटीनं तरंगत होते.

विकायचे मासे असते तर मालकांनी कपाळावर हात मारून घेतला असता आणि दुपारी पुन्हा कामाला लागले असते. पण चौथा हौद पैदाशीचा. बाकीच्या हौदांत जी काही वळवळ होती ती याच माशांची पिलावळ. मालकांनी तरुणपणापासून एकेक मासा पारखून ही जात जमवली होती. लोक आपल्या घराण्याची वंशावळ सांगतात, मालक माशांची सांगत. ऐकणारा जांभया द्यायला लागला तरी त्यांच्या पणजोबा-माशापासूनची सुरुवात चुकत नसे.

मासे मरायची कारणं दोनच, असं मालकांचं मत. एक तर पाण्यातली हवा संपते, नाही तर पाण्यात विष जातं. हवा संपली नव्हती, हे कॉम्प्युटर छातीठोकपणे सांगत होता. प्रत्येक हौदात एक कांडी सोडलेली होती. ती पाण्यात विरघळलेली हवा मोजायची आणि तारेतून ऑफिसातल्या पेटीला कळवायची. पेटी त्याचे आकडे करायची आणि कॉम्प्युटर त्या आकड्यांची पडद्यावर रेघ ओढायचा. हवा कमी झाली की रेघ उतरायची, आणि फारच उतरली की अंगणातला भोंगा बोंब ठोकायचा. त्या रात्री भोंगा गप्प होता. चौथ्या हौदाची रेघ रात्रभर शहाण्या पोरासारखी नीट चालली होती.

म्हणजे राहिलं विष. आणि आदल्या संध्याकाळी चौथ्या हौदात बुरशीवरचं औषध घातलं होतं ते सूनबाईनं. दुपार व्हायच्या आत सगळे मासे तिच्या नावावर जमा झाले.

विमा कंपनीला मात्र एक कागद हवा होता, की मोजणारं यंत्र बरोबर आहे. तो द्यायला काटेबाई आल्या. काटेबाई हे काही त्यांचं आडनाव नव्हे. वजनकाटे, दाबाची घड्याळं, तापमापक, जे जे म्हणून मोजतं ते खरं मोजतं का हे तपासायचा त्यांचा धंदा, म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. खरं आडनाव विचारलं की त्या म्हणत, "बिलावर असतं, वाचा."

त्यांनी दोन बादल्या मांडल्या. एकीत हवा काढून टाकलेलं पाणी, दुसरीत हवा भरलेलं. पाचही कांड्या आळीपाळीनं दोन्हींत बुडवल्या आणि ऑफिसात येऊन पडद्यावरचे आकडे पाहिले. एकही कांडी खोटं बोलत नव्हती.

"यंत्र बरोबर आहे," काटेबाई म्हणाल्या.

मालक खुर्चीतून उठले आणि दाराकडे वळले. दारात त्यांची सून उभी होती. "ऐकलंस?" ते एवढंच म्हणाले.

"ऐकलं, मामंजी," ती म्हणाली. "म्हणजे माझ्याच हातून झालं." आणि ती आत निघून गेली. रडली असती तर बरं झालं असतं, असं काटेबाईंना वाटलं.

"आज माहेरी जाते आहे," मालक सांगू लागले. "मीच म्हटलं जा. थोरला बोटीवर नोकरीला आहे. तो आला की पुढचं बघू. पण या हौदांना तिचा हात पुन्हा लागायचा नाही, हे नक्की. घ्या, सही करा."

काटेबाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. आपण एक खरं वाक्य बोललो आणि त्या वाक्यानं एका बाईचं घर हललं, हे त्यांना काही रुचेना.

"सही संध्याकाळी करते," त्या म्हणाल्या. "आधी जरा सगळ्यांशी बोलायचंय."

"यंत्राशी बोलणं झालं ना तुमचं?"

"यंत्र आज बरोबर आहे, मालक. मला त्या रात्रीचं हवंय."

२

सूनबाई कपाटापाशी होती. पलंगावर बॅग उघडी पडली होती आणि तिच्यात कपड्यांपेक्षा पुस्तकंच जास्त होती, सगळी माशांच्या रोगांवरची. ती शिकलेलीच त्यातलं होती. मालकांनी ही सून मुलासाठी पाहिली की माशांसाठी, असं घरात थट्टेनं म्हणत. त्या घरात ती थट्टा आता कोणी करत नव्हतं.

"मी तुमची उलटतपासणी घ्यायला आलेले नाही," काटेबाई म्हणाल्या. "त्या संध्याकाळी काय झालं, तेवढं सांगा."

"औषध मोजत होते. काचेच्या नळीनं मोजते नेहमी. तेवढ्यात ह्यांचा फोन आला, बोटीवरून. आठवडेच्या आठवडे लागत नाही हो फोन. मी नळी हातात धरूनच बोलत राहिले." तिनं कपाटातून एक साडी काढली. "फोन ठेवला आणि औषध ओतलं. पण फोनच्या आधी एकदा ओतलं होतं का, ते आठवत नाही. खूप आठवून बघितलं, डोकं पिंजून काढलं. नाहीच आठवत."

"बाटलीत किती उरलं, त्यावरून कळेल की."

"दुपारीच दोन अर्धवट बाटल्या एकीत ओतल्या होत्या. कशावरून कळणार?"

"आणि हौदातलं पाणी?"

"मामंजींनी सोडून दिलं. रोग असला तर पसरायला नको म्हणून."

काटेबाईंनी स्टूल ओढलं. "मासे कसे दिसत होते?"

"तोंडं उघडी. कल्ले ताणलेले." तिचा आवाज एकदम शिक्षिकेसारखा झाला, जरा स्थिरावला. "जास्त औषधानं कल्ले जळतात, तेव्हाही असेच दिसतात."

"तेव्हाही? म्हणजे एरवी कधी दिसतात?"

"गुदमरले की. पण ती तर रेघ आहे ना सरळ."

"रेघ सोडा घटकाभर. रेघ नसतीच, नुसते मासेच समोर असते, तर तुम्ही काय म्हटलं असतं?"

सूनबाईनं हातातली साडी घडी न घालताच खाली ठेवली.

"गुदमरले म्हटलं असतं," ती म्हणाली. "पण बाई, रेघ आहे. धाकट्या भाऊजींनी एवढी खटपट करून बसवलेलं यंत्र, आणि तुम्हीच म्हणालात बरोबर आहे."

"सकाळी तुमच्याबरोबर कोण होतं?"

"मामंजी आणि पाणक्या. भाऊजी शहरात गेले होते, ते तेव्हाच परत आले. गाडीचा आवाज ऐकला मी. मला वाटलं, आता धावत येतील, निदान कोणीतरी माझ्या बाजूला उभं राहील. तर किती वेळ आलेच नाहीत." ती कसनुसं हसली. "आले तेही माझ्याकडे न बघता उभे राहिले. आमचं फार चांगलं जमायचं हो. बहीणभावंडांसारखं."

काटेबाई उठल्या. गाडी आली आणि माणूस आला नाही. मधल्या वेळात माणूस कुठं होता?

३

पाणक्या पाचव्या हौदात उतरून भिंत घासत होता. हौद कोरडा होता आणि पाणक्याचा आवाज त्यात घुमत होता. हौदांत पाणी भरणं, बदलणं, हौद घासणं, हे त्याचं काम. खरं नाव त्यालाही कोणी विचारत नसे.

"हा कधी रिकामा केलात?" काटेबाईंनी वरून विचारलं.

"मासे मेले त्याच्या आदल्या दिवशी. मग काय, सुतक पाळल्यासारखं काम थांबलं, ते आज हातात घेतलं. ही बघा, याची कांडी तेव्हाच काढून मी त्या खिळ्याला टांगली. मोडली बिडली तर धाकटे मालक माझंच डोकं मोडतील."

कांडी खिळ्याला लटकत होती. तिची तार भिंतीवरून ऑफिसकडे गेली होती.

"त्या संध्याकाळी आणखी काय केलंत?"

"तिसऱ्याचं पाणी गढूळलं होतं. अंधार पडता पडता त्यात ताजं पाणी सोडलं. वरून धार धरायची, चांगली उंचावरून. पाणी खेळतं, त्यात हवा मिसळते. मासे असे उड्या मारायला लागतात, लग्नाचं बोलावणं आल्यासारखे."

"चौथ्यातही सोडलंत?"

"काय बोलता!" पाणक्यानं घासणी खाली टाकली. "त्यात औषध होतं. वहिनीसाहेबांनी मला बजावलं होतं, थेंब पडता कामा नये. अख्ख्या रात्रीत चौथ्याच्या पाण्याला कोणी हात लावला नाही."

काटेबाई निघाल्या तसा तो मागून म्हणाला, "बाई, एक सांगू? मेलेले मासे काढताना बुडबुड्यांची नळी, ती तळाशी राहावी म्हणून ठेवतो त्या दगडाखाली दबलेली दिसली मला. हवा सोडते ती नळी. मी मालकांना दाखवली. मालक म्हणाले, मासे तडफडले तेव्हा दगड सरकला असेल. कॉम्प्युटर सांगतोय हवा होती, म्हणजे होती. आता मोठ्या माणसांपुढं आपण काय बोलणार?"

मालक ऑफिसात कॉम्प्युटरसमोरच बसले होते. पडद्यावर पाच रंगांच्या पाच रेघा होत्या. ते त्यांच्याकडे असे बघत होते, जणू त्यातली एखादी आता बोलेल.

"धाकट्यानं हे आणलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं," ते म्हणाले. "म्हटलं, पाण्यात हात घातला की मला कळतं. त्याच्यासाठी तारा कशाला? मग डोळे अधू झाले, हाताची कातडी जाड झाली. आता सकाळी उठून आधी रेघा बघतो, मग हौद. आणि मला यातलं काही येत नाही असं समजू नका हं. मासे मेले त्याच्या आदल्याच दिवशी धाकट्याचा शहरातून फोन आला. म्हणाला, बाबा, पाचवा हौद घासायला काढलाय, पाणी उडून तारेतून पेटीत जाईल, तेवढी त्याची तार पेटीतून काढून ठेवा. त्यानं नंबर सांगितला, मी मोजून बरोबर काढली. या वयात!"

"पाचव्या हौदाची तार तुम्ही काढलीत."

"मीच."

"आणि परत कोणी लावली?"

मालकांनी खांदे उडवले. "धाकट्यानं लावली असेल. त्याचंच खेळणं ते."

काटेबाईंनी माऊस स्वतःकडे घेतला आणि त्या रात्रीच्या रेघा पडद्यावर काढल्या. पाचव्या हौदाची तार काढली होती, तर पाचव्या हौदाची रेघ तिथं असायला नको होती, निदान धड तरी नको होती. ती तिथंच होती. वरच्या बाजूला, ताठ, एकसारखी, रात्रभर.

४

मालकांना जेवायला हाक आली. काटेबाई एकट्याच राहिल्या.

पाचवी रेघ अशी का, हे कळायला त्यांना फार वेळ लागला नाही. पाण्यातून काढून मोकळ्या हवेत टांगलेली कांडी हवा भरपूर आहे असंच सांगणार. म्हणजे पाचवी कांडी त्या रात्री इमानानं खिळ्यावरून बातमी देत होती. तिची तार निघालीच नव्हती.

पण मालक खोटं बोलत नव्हते. एवढ्या फुशारकीनं खोटं कोण बोलतं? तार त्यांनी काढली होती. मग काढली कुठली?

त्यांनी मान वाकवून पेटी नीट पाहिली. हाताच्या पंजाएवढी काळी पेटी, एका कडेला ओळीनं तारा बसवायच्या खोबणी. खोबणींखाली बारीक आकडे कोरलेले होते, धुळीनं बुजलेले. काटेबाईंनी पदराच्या टोकानं धूळ पुसली. पहिल्या खोबणीखाली एक नव्हता. पहिल्या खोबणीखाली शून्य होतं.

ही पेटी बनवणारे लोक शून्यापासून मोजतात. पहिला हौद शून्यात, दुसरा एकात, आणि पाचवा चारात. या धंद्यातल्या माणसाच्या हे इतकं अंगवळणी पडतं, की जगातले बाकीचे सगळे एकापासून मोजतात याचा त्याला विसर पडतो. काटेबाईंनाही आत्ता, धूळ पुसल्यावरच सुचलं होतं.

धाकट्यानं फोनवर नंबर सांगितला असणार तो चार. आणि मालकांनी बोट ठेवून मोजलं असणार. एक, दोन, तीन, चार.

इथपर्यंत गाडी आली आणि अडली. चौथ्या हौदाची तार निघाली असेल, तर चौथ्याची रेघ रात्रभर कशी काय चालली?

त्यांनी पाचातल्या तीन रेघा पुसल्या. तिसरी आणि चौथी तेवढी ठेवली आणि मोठी करून पाहिली. अंधार पडायच्या सुमाराला तिसऱ्या रेघेनं एक उडी घेतली होती. ती पाणक्याची धार. पाणी खेळलं, हवा मिसळली, रेघ वर गेली. बरोबर.

त्याच क्षणाला चौथ्या रेघेनंही उडी घेतली होती. ज्या पाण्याला रात्रभर कोणी हात लावला नाही, ते पाणीही खेळलं होतं.

काटेबाईंनी चौथी रेघ तिसऱ्या रेघेवर ठेवली. चढउतार, बारीकसारीक थरथर, सगळं एकावर एक बसलं. पडद्यावर दोन हौदांच्या दोन रेघा नव्हत्याच. तिसराच हौद दोनदा बोलला होता, आणि चौथा दगडाखाली दबलेल्या नळीपाशी मुकाट्यानं मेला होता.

आता एकच प्रश्न राहिला. सकाळी ती तार जागेवर बसवून गप्प कोण बसलं? आणि त्याचं उत्तर सूनबाई मघाशीच देऊन बसली होती.

५

धाकटा पंपाच्या खोलीत होता. दुरुस्त पंप पुन्हा दुरुस्त करत होता. चोविशी-पंचविशीचा, हुशार, आणि कित्येक रात्री न झोपल्यासारखा दिसणारा.

"गाडीतून उतरलात आणि आधी ऑफिसात गेलात," काटेबाई म्हणाल्या. "चौथ्याची तार टेबलावरून लोंबत होती. तुम्ही ती बसवली."

त्यानं पाना खाली ठेवला. नाही म्हणायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"सवयीनं बसवली हो. मासे मेल्याचं मला तोवर ठाऊकही नव्हतं. मग खिडकीतून आरडाओरडा ऐकू आला. आणि मी पडद्यावर बघतो तर रात्रभराची रेघ सलग. तार बाहेर असताना रेघ सलग. मला तिथंच कळलं काय झालंय ते."

"पेटीत मोजणारं एकच आहे."

"एकच. ते एकेका खोबणीवर आळीपाळीनं जातं. खोबणीत तार नसेल तर आधीच्या खोबणीतलंच उरलंसुरलं पुन्हा वाचतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण ध्यानात राहिलं नव्हतं. मला वाटलं होतं, तार निघाली की आकडा शून्यावर पडेल. पाचव्याचा भोंगासुद्धा मी आधीच बंद करून ठेवला होता, उगाच वाजू नये म्हणून." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "आणि बाबा मला हौसेनं सांगत आले, तुझी तार काढून ठेवली बरं का, मोजून काढली."

"आणि वहिनी?"

त्यानं पाना पुन्हा उचलला.

"तुम्हाला बहिणीसारख्या ना त्या?"

"मी काय करायचं होतं?" तो एकदम ओरडला. "बाबांना सांगू, की तुमच्या हातानं मेले? तो हौद म्हणजे त्यांचं आयुष्य आहे. आई गेली तेव्हा ते दुसऱ्या दिवशी हौदावर होते. हे कळलं तर ते उठायचे नाहीत. वहिनी तरुण आहे. दादा आला की तिची समजूत काढेल, असं मी..." तो काटेबाईंकडे वळला. "बाई, तुम्ही यंत्र बिघडलं होतं असं लिहा. वहिनी सुटेल, बाबाही सुटतील. सगळेच सुटतील."

काटेबाईंना राग आला होता. पण रागाच्या खाली त्यांना त्या पोराची कीवही येत होती, आणि ही सरमिसळ त्यांना अजिबात आवडली नाही. त्या सूनबाईच्या खोलीत गेल्या आणि सगळं जसंच्या तसं तिला सांगितलं.

तेव्हा मात्र ती रडली. पलंगाच्या कडेला बसून, तोंडात पदर कोंबून, लहान मुलासारखी रडली. "एकदाच ओतलं होतं मी," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "एकदाच ओतलं होतं."

काटेबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. हुंदके शमले तशी तिनं नाक पुसलं, आणि मग तिनंही तेच मागितलं.

"मामंजींना सांगू नका, बाई. मला कळलं, मला पुरे. यंत्र बिघडलं होतं म्हणा."

६

संध्याकाळी मालक ऑफिसात आले ते सही घ्यायलाच. मागून धाकटा आला. सूनबाई दारात थांबली, बॅग पायाशी ठेवून. काटेबाई तिला स्टेशनपर्यंत सोडणार होत्या.

"करताय ना सही?" मालकांनी विचारलं.

"मामंजी," सूनबाईच मधे बोलली, "यंत्रात दोष होता. बाईंना सापडला. रेघ चुकीची होती."

मालकांनी सुनेकडे पाहिलं. मग मुलाकडे. मुलगा जमिनीकडे बघत होता. उभं आयुष्य माशांच्या नजरा ओळखत आलेला माणूस तो, माणसांच्या नजरा त्याला काय कळणार नव्हत्या?

"दोष," ते म्हणाले. "सकाळी नव्हता तो संध्याकाळी झाला होय?" ते काटेबाईंसमोर येऊन उभे राहिले. "बाई, तुम्हाला लोक काटेबाई म्हणतात. काटा कोणाची भीड धरत नाही, म्हणूनच म्हणत असतील ना? काय झालं ते मला सांगा."

काटेबाईंनी दोघांकडे पाहिलं. धाकट्याचे डोळे अजून विनवत होते. खोटं लिहिणं सोपं होतं. पण खोटं लिहिलं असतं तर या घरात दोन माणसं खरं जाणून गप्प बसली असती आणि एकटा म्हातारा रोज सकाळी त्या रेघांसमोर फसत राहिला असता. त्यांनी मालकांना खुर्ची दिली.

"समजा, पाच बरण्यांत तेल आहे आणि तुमच्यापाशी माप एकच आहे," त्या म्हणाल्या. "एकेका बरणीतून माप भरायचं, बघायचं, पुढं जायचं. आता चौथी बरणी कोणीतरी उचलून नेली. तुम्ही आंधळेपणानं माप तिथं घेऊन गेलात. मापात काय असेल?"

"तिसऱ्या बरणीचं तेल," मालक म्हणाले. "उरलेलं."

"त्या रात्री चौथी बरणी जागेवर नव्हती, मालक. आणि ही पेटी शून्यापासून मोजते."

त्यांनी पेटी फिरवून त्यांच्यापुढं धरली. मालकांनी चष्मा वर केला आणि पहिल्या खोबणीखालचं शून्य पाहिलं. मग बोट ठेवून मोजायला लागले. चौथ्या खोबणीवर त्यांचं बोट थांबलं. खाली तीनचा आकडा होता. बोट तिथंच राहिलं.

"मला चार म्हणाला होता," ते अगदी हळू म्हणाले.

"चूक माझी आहे, बाबा," धाकटा पुढं आला. "मी हौदाचं नाव घेऊन सांगायला हवं होतं. तुमची नाही."

"ती चूक कोणाची, ते आपण नंतर वाटून घेऊ," मालक म्हणाले. "तुला हे कधीपासून ठाऊक होतं?"

"सकाळपासून. त्याच सकाळपासून."

"म्हणजे मी हिला दारात उभं करून वाट्टेल ते बोललो, तेव्हा तू बाजूला होतास आणि तुला ठाऊक होतं." मालकांचा आवाज चढला नाही. "बापाला वाचवायला वहिनीला बुडवलंस? अरे, मासे पुन्हा होतील. नाही झाले तर नाही होणार. पण हिला मी काय तोंड दाखवू?"

धाकट्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि कोणीच त्याला रडू नको म्हटलं नाही.

मालक उठले. त्यांना उठायला वेळ लागला. काटेबाईंना वाटलं, ते हौदाकडे जातील. पण ते दारापाशी गेले, वाकले आणि सुनेची बॅग त्यांनी स्वतः उचलली. पुस्तकांनी ती जड झाली होती. ती घेऊन ते अंगणात गाडीपर्यंत चालत गेले, सून मागोमाग, आणि तिथं थांबून बॅग हातात धरूनच उभे राहिले.

"माफी मागायला तोंड नाही मला," ते म्हणाले. "तुला जायचं तर जा. मी अडवणार नाही, मीच घालवलं होतं. पण एक बोलतो. तू या घरात आलीस तेव्हापासून मी तुला माशांबद्दल हजार गोष्टी विचारल्या असतील. आणि त्या दिवशी मात्र तुला काहीच विचारलं नाही. यंत्राला विचारलं."

सूनबाईनं त्यांच्याकडे पाहिलं.

"मला विचारलं असतंत तरी मी माझ्याच हातून झालं असंच म्हटलं असतं, मामंजी," ती म्हणाली. "समोर मासे गुदमरलेले दिसत होते, ते ओळखायलाच मी शिकलेय, आणि तरी मीसुद्धा त्या रेघेलाच विचारायला गेले."

काटेबाईंनी गाडीचं मागचं दार उघडून धरलं होतं. मालकांनी बॅग आत ठेवायला वाकून हात पुढं केला.

"भाऊजींशी मी इतक्यात बोलणार नाही," सूनबाई म्हणाली. "किती दिवस, ते मलाही माहीत नाही. त्यांना सांगा, समजूत काढायला येऊ नका." मग तिनं हौदांकडे नजर टाकली आणि पदर खोचला. "दुसऱ्या हौदातले मासे मघापासून वर येऊन तोंड उघडतायत. तुम्हाला इथून दिसत नसेल."

आणि बॅग त्यांच्याच हातात ठेवून ती तिकडे निघाली.